कोट उतरवा, बंदूक जमा करा

दुसऱ्या महायुद्धातल्या आफ्रिकन सैनिकांचे फोटो बघायचा मला नाद आहे आणि तो नाद, खरं सांगतो, सैनिकांमुळे नाही, बंदुकांमुळे लागला. 1944 च्या इटलीतला मोरोक्कन गुमिए, म्हणजे फ्रान्सच्या बाजूने लढणारा मोरोक्कोच्या डोंगरी टोळ्यांतला शिपाई, घ्या. अंगात जाड्याभरड्या लोकरीचा पट्ट्यापट्ट्यांचा झगा, ज्याला ते जेलाबा म्हणतात, डोक्यावर पसरट थाळीसारखं अमेरिकन हेल्मेट, तेसुद्धा पहिल्या महायुद्धाच्या वेळचं, खांद्याला 1917 मॉडेलची एनफिल्ड रायफल, जिचं मूळ डिझाइन इंग्रजांचं, बनली अमेरिकेत, दिली फ्रान्सला आणि पोचली मोरोक्कोच्या डोंगरातल्या एका पोराच्या हातात. कमरेला घरचा सुरा. शेजारी खेचर. एकाच माणसाच्या अंगावर चार देश आणि दोन महायुद्धं! असे फोटो दिसले की आमच्यासारखी शस्त्रांची हौस असणारी मंडळी लगेच झूम करून मॅगझिन कुठलं, पट्टा कुठला, ही ब्रिटिश ब्रेन आहे की फ्रेंच मशीनगन, यावर भांडायला लागतात. माणसाच्या तोंडाकडे नजर जाते ती सगळ्यात शेवटी.

आणि एकदा का तोंडाकडे नजर गेली की दुसरी कॅप्शन तयारच असते, "इतिहासाने विसरलेले सैनिक". मला हा शब्दच खटकतो. विसर पडतो तो छत्रीचा, चष्म्याचा, फार तर लांबच्या नातेवाइकाच्या बारशाचा. ज्याला बंदूक देताना सही घेतली, पगार लावला, हजेरी घेतली, अशा माणसाचा विसर पडत नाही, त्याला यादीतून काढावं लागतं आणि काढायला कुणीतरी टेबलाशी बसून कागद करावा लागतो. ह्या सैनिकांच्या बाबतीत ते कागद झाले, आणि ते कसे झाले ते बघायचं असेल तर ती मिक्स बंदुकांची भानगडच बघायला हवी. ती काही गंमत नव्हती. कुणी काय दिलं, कुणाच्या भरवशावर दिलं आणि कधी परत मागितलं, हे सगळं त्यात आहे.

आता थोडं मागे. सेनेगाली तिरायर म्हणजे फ्रान्सची आफ्रिकन पायदळ फौज, 1857 मध्ये उभी केलेली. नाव सेनेगाली असलं तरी माणसं आजच्या माली, गिनी, बुर्किना फासो, आयव्हरी कोस्ट, चाड असल्या सगळ्या ठिकाणची. त्यांच्यासाठी म्हणून 1907 मध्ये बर्तिए रायफलचं एक खास मॉडेल निघालं आणि पहिलं महायुद्ध पेटल्यावर तेच थोडं बदलून गोऱ्या फ्रेंच सैनिकांनाही वाटलं गेलं. म्हणजे "वसाहतीतल्या शिपायाला कळेल अशी बंदूक" शेवटी सगळ्यांच्याच उपयोगी पडली, असो. 1940 पर्यंत परिस्थिती अशी की बऱ्याच पलटणींत शिपायाकडे लेबेल नाहीतर बर्तिए, दोन्ही 8 मिलिमीटरच्या, आणि त्याच सेक्शनमधली हलकी मशीनगन मात्र 7.5 मिलिमीटरची. शेजारी पडलेल्या मित्राच्या पाउचमधली काडतुसं काढून मशीनगनला घालावीत तर बसणार नाहीत. सैन्य स्वतःच्या देशाचं, बंदुका स्वतःच्या देशाच्या, तरी ही तऱ्हा, मग पुढे ब्रिटिश .303, अमेरिकन .30, टॉमी गनची .45 अशी भर पडत गेली तेव्हा सप्लायवाल्यांचं काय झालं असेल विचार करा.

तिरायरांकडे अजून एक हत्यार असायचं, कूप-कूप, म्हणजे सरळ आपला कोयता म्हणा. ह्या कोयत्याने 1940 च्या जूनमध्ये कितीतरी जणांचा जीव घेतला, पण त्यांच्याच. जर्मनांनी आधीपासून प्रचार चालवलेला होता की आफ्रिकन सैनिक कोयत्याने जर्मनांची विटंबना करतात, त्यामुळे पकडलेल्या तिरायराकडे कूप-कूप सापडला की तो बाजूला काढून गोळी, असं बऱ्याच ठिकाणी झालं. ल्योंजवळच्या शासले गावात 20 जूनला 25 व्या तिरायर रेजिमेंटच्या शरण आलेल्या 50 च्या आसपास सैनिकांना मोकळ्या शेतात पळायला लावून रणगाड्यांच्या मशीनगननी मारलं, गोऱ्या अधिकाऱ्यांना मात्र कैद करून घेऊन गेले. त्या उन्हाळ्यात असे मारलेल्यांचा आकडा तीन हजारांपर्यंत असावा असा अंदाज आहे. शासलेला आज त्यांची दफनभूमी आहे, लाल मातीच्या रंगाच्या भिंती, वर टोकदार खांब, पश्चिम आफ्रिकेतल्या गढीसारखी, तिला तात म्हणतात. आणि त्याच आठवड्यात शार्त्रला झां मूलँ नावाचा प्रीफेक्ट, आपल्याकडचा कलेक्टर म्हणा, त्याला जर्मनांनी कोंडून मारहाण केली की सेनेगाली सैनिकांनी बायकांवर अत्याचार करून त्यांना मारलं असल्या कागदावर सही कर. माणसाने काचेच्या तुकड्याने स्वतःचा गळा चिरला पण सही केली नाही. वाचला. पुढे फ्रेंच रेझिस्टन्सचा, म्हणजे जर्मनांविरुद्धच्या गुप्त चळवळीचा, मोठा पुढारी झाला, तो हाच.

जे कैदी जिवंत राहिले त्यांना जर्मनीत नेलं नाही, फ्रान्समध्येच फ्रोंतस्तालाग नावाच्या कॅम्पांत ठेवलं, कारण जर्मन भूमीवर काळे लोक नकोत. आणि 1943 पासून जर्मनांना रशियन आघाडीसाठी माणसं कमी पडायला लागल्यावर ह्या कॅम्पांतल्या कामाच्या तुकड्यांवर देखरेख करायला कोण आले? फ्रेंच अधिकारी. ज्यांच्यासाठी लढून कैद झालो तेच पहाऱ्यावर. हे वाक्य लिहायला सोपं आहे पण दोन मिनिटं त्यात थांबून बघा.

दुसरी बाजू म्हणजे जनरल द गॉलची, फ्रान्स शरण गेल्यावरही लढत राहिलेल्या फ्री फ्रेंचांची. लंडनमध्ये बसून रेडिओवर भाषण केल्याने सैन्य उभं राहत नाही, त्याला जमीन लागते, माणसं लागतात, आणि ती जमीन पहिल्यांदा दिली चाडने. 26 ऑगस्ट 1940, गव्हर्नर फेलिक्स एबुए, स्वतः कृष्णवर्णीय. तिथूनच पुढची सगळी फौज निघाली, 1941 ला लिबियातलं कुफ्रा जिंकलं, एरिट्रियात तर चाडची बटालियन आणि आपल्या हिंदी फौजेची सातवी ब्रिगेड एकाच बाजूने केरेनवर चालून गेल्या, आणि त्याच केरेनच्या डोंगरात दुसऱ्या बाजूला तिसरी मराठा बटालियन पिनॅकल नावाची टेकडी घेत होती. ह्या काळात फ्री फ्रेंचांकडे जे मिळेल ते असायचं. फ्रेंच हॉचकिस मशीनगन, इंग्रजांच्या ब्रेन गाड्या, सीरियात विशीवाल्यांकडून, म्हणजे जर्मनांपुढे नमलेल्या फ्रेंच सरकारच्या फौजेकडून, मिळवलेल्या जुन्या 75 मिलिमीटरच्या तोफा, ज्या लिबियात बीर हकीमला रणगाड्यांवर चालवल्या.

मग जानेवारी 1943 मध्ये कासाब्लांकाजवळ आन्फाला रूझवेल्ट आणि फ्रेंच जनरल जिरो यांचं ठरलं की अमेरिका फ्रेंच डिव्हिजन्सना सामान देणार. आकडा आधी 11 होता, शेवटी 8 झाल्या. आता इथे नीट लक्ष द्या कारण सगळा मामला इथे फिरतो. सामान मोजून मिळणार होतं. इतक्या डिव्हिजनांचे इतके कोट, इतके बूट, इतक्या रायफली, त्याच्यावर एकही नाही. इटलीत जनरल ज्युअँच्या हाताखाली जी एक लाखाच्या वर फ्रेंच फौज लढली तिच्यातले बहुसंख्य मोरोक्कन, अल्जेरियन, ट्युनिशियन होते, आणि मे 1944 मध्ये जिथून रस्ताच नाही असं जर्मनांनी धरलं होतं त्या औरुंची डोंगरातून खेचरं घेऊन ते पलीकडे उतरले तेव्हा रोमच्या वाटेवरची मोंते कसिनोची कोंडी फुटली.

इथे थांबून एक गोष्ट बोलायलाच हवी नाहीतर लेख लबाड होईल. त्याच मे-जूनमध्ये एस्पेरिया आणि आसपासच्या गावांत ह्याच फौजेतल्या काही सैनिकांनी, विशेषतः गुमिएंनी, इटालियन बायकांवर मोठ्या प्रमाणावर बलात्कार केले. इटलीत त्याला अजून एक वेगळा शब्द आहे, मारोक्किनाते. कुणी म्हणेल बघा, मग कसलं कौतुक. मी कौतुक करायला बसलोच नाहीये. ज्याने गुन्हा केला त्याच्यावर खटला चालवा आणि ज्याने वेळेवर डोळेझाक केली त्या अधिकाऱ्यावरही चालवा. पण एका पलटणीच्या गुन्ह्यासाठी दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या माणसाचा पगार कापायचा हा न्याय कुठला? तरी चर्चेत तेच होतं, मोरोक्कोच्या गुमिएचं पाप मालीच्या तिरायराच्या खात्यात.

पॅरिसचं प्रकरण आता बऱ्यापैकी माहिती आहे. द गॉलला हवं होतं की पॅरिसमध्ये पहिली फ्रेंच फौज शिरावी. आयझेनहॉवरच्या चीफ ऑफ स्टाफने, वॉल्टर बेडेल स्मिथने, जानेवारी 1944 मध्ये गोपनीय पत्रात लिहिलं की ती डिव्हिजन गोऱ्या माणसांची असलेली बरी. पूर्ण गोरी करता येईल अशी एकच सापडली, फ्री फ्रेंच जनरल लक्लेर्कची दुसरी आर्मर्ड, कारण तिच्यात "नेटिव्ह" प्रमाण सगळ्यात कमी, एक चतुर्थांशाच्या आसपास. तिच्यातले काळे सैनिक जवळजवळ सगळे काढले. आणि लक्लेर्कची फौज म्हणजे कुठली, तर जिची सुरुवात चाडमध्ये झाली, जिच्या रेजिमेंटचं नावच चाडचं होतं! नाव राहिलं, चाडची माणसं गेली. 24 ऑगस्टच्या संध्याकाळी पॅरिसच्या नगरपालिकेसमोर पहिल्यांदा पोचल्या त्या गाड्यांवर ग्वादालाहारा, तेरुएल अशी नावं होती, कारण त्या कंपनीत बहुतेक स्पॅनिश रिपब्लिकन होते. स्पॅनिश लोकांचं मला वाकडं नाही, ते हक्काने तिथे होते. पण फोटोत परदेशी चालला, काळा चालला नाही, एवढं लक्षात ठेवू. ह्यात अमेरिकेला एकटीला शिव्या घालायचं कारण नाही, तिच्या सैन्यात काळ्यांच्या पलटणी वेगळ्याच असायच्या आणि फ्रेंच वरिष्ठांनी ह्या अटीवर आदळआपट केली असंही काही नाही.

पण माझ्या मते खरा प्रसंग पॅरिसचा नाहीच, तो पूर्व फ्रान्समधल्या व्होझच्या डोंगरातला आहे. 15 ऑगस्ट 1944 ला दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरलेल्या फ्रेंच जनरल द लात्रच्या सैन्यात आफ्रिकन सैनिक फार मोठ्या संख्येने होते. तुलोंच्या लढाईत तिरायर, मार्सेयला अल्जेरियन आणि गुमिए, मग रोन नदीने वर वर जात सप्टेंबर-ऑक्टोबरला थंडीच्या तोंडावर व्होझ. तिथे हुकूम आला, त्याला फ्रेंचमध्ये ब्लांशिमाँ म्हणतात, म्हणजे पांढरं करणं. भिंतीला चुना मारतात तसं. 15 ते 20 हजार काळे तिरायर आघाडीवरून काढले आणि त्यांच्या जागी रेझिस्टन्समधली तरुण फ्रेंच पोरं भरली. त्या पोरांना कपडे नव्हते, बंदुका धड नव्हत्या, आणि अमेरिकन सामान तर मोजून आलेलं. मग उपाय एकच. तिरायराने अंगातला कोट काढायचा, हेल्मेट काढायचं, रायफल द्यायची, आणि समोरच्या पोराने ते सगळं चढवायचं. काही ठिकाणी हे आघाडीला लागूनच झालं. आफ्रिकेतून वाळवंट ओलांडून आलेला माणूस ऑक्टोबरच्या पावसात सदऱ्यावर उभा आणि त्याच्या घामाचा वास असलेला कोट घालून दुसरा कुणीतरी पुढे बर्लिनच्या दिशेने. रेजिमेंटची नावंही बदलली, "सेनेगाली तिरायर" जाऊन "कलोनियल इन्फंट्री". आणि ह्यांना दक्षिणेकडच्या कॅम्पांत पाठवून जहाजाची वाट बघत बसवलं.

सरकारी कारण थंडी. अगदीच खोटं नाही, पहिल्या महायुद्धातसुद्धा तिरायरांना हिवाळ्यात दक्षिणेत नेऊन ठेवायचे आणि बुटांविना पाय सडायचे हे खरंच होतं. पण थंडीसाठी माणूस हलवला तर वसंतात परत आणतात. इथे परत आणलं नाही. दुसरं कारण, रेझिस्टन्सच्या हत्यारबंद पोरांना, त्यातल्या बऱ्याच कम्युनिस्टांना, लष्कराच्या शिस्तीत आणणं गरजेचं होतं. तेही खरं. आणि तिसरं, की युद्ध संपताना विजेत्याचा चेहरा कसा दिसावा. तिन्ही कारणं एकत्र होती हे मी मान्य करतो, माझा मुद्दा एवढाच की तिन्ही कारणांचं बिल एकाच माणसाच्या नावाने फाडलं गेलं. अमेरिकेने आणखी वीस हजार कोट दिले असते तर निदान थंडीचं आणि पोरांच्या भरतीचं कारण तरी उरलं नसतं. तेव्हा मिक्स बंदुकांचा फोटो बघून वा काय कलेक्शन म्हणणाऱ्यांना मला सांगावंसं वाटतं की बाबांनो, त्यातली एकही त्याची नव्हती.

आता कुणी विचारेल तुला मराठी माणसाला ह्याचं काय. प्रश्न बरोबर आहे. मुंबई-गोवा हायवेला माणगावात ट्रॅफिक तुंबल्याशिवाय कुणी पुढे गेलेलं नाही, त्याच माणगावात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. 10 जुलै 1944, इटली, वरचं टायबर खोरं. सेक्शनमधले सगळे पडले, हा एकटा मशीनगनच्या ठाण्यावर धावला, ग्रेनेड टाकला, टॉमी गनने एकाला मारला आणि मॅगझिन संपलं. बदलायला वेळ नाही. मग नळीकडून धरून त्याच टॉमी गनच्या दांडक्याने उरलेल्या दोघांना मारलं, आणि मग स्नायपरच्या गोळीने स्वतः गेला. व्हिक्टोरिया क्रॉस, मरणोत्तर. गन अमेरिकन, पगार इंग्रजांचा आणि तोसुद्धा शेजारच्या गोऱ्या शिपायापेक्षा कमी, माणूस रायगडचा. इटलीत मोंतोनेला 2023 मध्ये त्यांचं स्मारक झालं, चांगलं झालं. आपल्याकडे ह्यावर दोनच प्रतिक्रिया येतात, एक तर छाती फुगवायची नाहीतर "इंग्रजांचे भाडोत्री" म्हणून नाक मुरडायचं. आणि दोन्ही करताना त्या घराला पुढे किती पैसे मिळाले हे विचारायचं सुचत नाही.

सातारा भागात जुन्या गावांत पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या असतात, चावडीला किंवा देवळाच्या भिंतीत. एक मी हाताने धूळ पुसून वाचलीय, वरून ऑइलपेंट मारलेला. ह्या गावातून इतकी माणसं महायुद्धाला गेली, पैकी इतकी मेली. बस्स. आकडा आहे, नाव एकही नाही. लढवय्या जातीचं शास्त्रही असंच आकड्यांचं आणि टेबलावरचं, 1910 मध्ये फ्रान्सचा लष्करी अधिकारी मांजँ म्हणत होता आफ्रिकन माणूस जन्मजात सैनिक, भरती करा, आणि त्याच 1910 मध्ये पुण्याहून शिवराम जानबा कांबळे लंडनला अर्ज करत होते की महारांची बंद केलेली लष्करभरती परत सुरू करा, कारण इंग्रजांनी ठरवून टाकलं होतं की हे लढवय्ये नाहीत. 1917 ला गरज पडली तेव्हा महार पलटण उभी केली, 1921 ला मोडली. माणसं तीच. शास्त्र गरजेप्रमाणे.

फ्रान्सने पुढे काय केलं तेही सांगतो. 1959 च्या शेवटी बजेटच्या कायद्यात तरतूद करून वसाहतीतल्या माजी सैनिकांच्या पेन्शनी जिथल्या तिथे गोठवल्या, क्रिस्तालिझासियों असं गोड नाव दिलं, काचेच्या झुंबरासारखं. फ्रेंच सैनिकाची पेन्शन महागाईबरोबर वाढत गेली, ह्यांची थिजली. अमादू जॉप नावाच्या सेनेगाली सार्जंटच्या केसमध्ये 2001 ला फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय कोर्टाने हे भेदभावाचं ठरवलं. 2006 मध्ये एक सिनेमा बघून राष्ट्राध्यक्षांचं मन द्रवलं आणि काही पेन्शनी सारख्या केल्या, बाकीच्यांसाठी अजून चार-पाच वर्षं. 2023 पर्यंत तर इंडोचायना-अल्जेरियात लढलेल्या नव्वदीच्या म्हाताऱ्यांना फ्रान्सचा वृद्धापकाळ भत्ता हवा असेल तर वर्षातले सहा महिने पॅरिसजवळ एका खोलीत एकट्याने काढावे लागायचे, नातवंडं डाकारला. आणि हे फक्त फ्रान्सचं नाही, इंग्रजांनीही युद्ध संपल्यावर आफ्रिकन सैनिकाला निरोपाचे पैसे कातडीचा रंग बघूनच दिले.

म्हणून स्मारक, चौकाला नाव, भाषण, हे सगळं होऊ दे, मी आडवा येत नाही. पण आधी मस्टर उघडा. पगारपत्रक, जहाजाची यादी, खटल्याची फाइल, कुणाचे किती राहिले. कारण सेनेगलमधल्या थियारॉयला तिरायरांनी नेमकं हेच मागितलं होतं. नोव्हेंबर 1944, फ्रोंतस्तालागमधून सुटलेले, सरकारी आकड्याप्रमाणे बाराशे-तेराशे, तिरायर ब्रिटनीतल्या मोर्लेहून सर्केशिया नावाच्या जहाजाने डाकारला उतरले. त्याआधी मोर्लेलाच तीनेकशे जणांनी पगार हातात पडल्याशिवाय जहाजात चढायला नकार दिला होता. डाकारजवळच्या थियारॉय कॅम्पात बाकीच्यांनी तेच धरून ठेवलं, की थकबाकी द्या मगच गावी जातो, एका जनरलची गाडी अडवली. 1 डिसेंबरला पहाटे कॅम्पला वेढा पडला. वेढा घालणारे बहुतेक तिरायरच होते, हुकूम फ्रेंच अधिकाऱ्यांचा. गोळीबार झाला. जे वाचले त्यातल्या 34 जणांवर खटला चालवून त्यांनाच शिक्षा दिल्या.

मॅक्रोंनी 2024 च्या नोव्हेंबरमध्ये पहिल्यांदा हत्याकांड हा शब्द वापरला, 80 वर्षांनी. 2025 मध्ये सेनेगलने तिथल्या बिननावाच्या कबरी उकरायला घेतल्या. मोर्लेहून खरे किती निघाले, वाटेत कासाब्लांकाला किती उतरले आणि डाकारला किती पोचले, ह्या तीन आकड्यांवर अजून भांडण आहे, कारण मधली तीन-चारशे माणसं कुठे गेली ते त्यावरून कळेल. त्या पहाटेच्या लष्करी कागदात सामानाची यादी मात्र व्यवस्थित आहे. अमेरिकन एम-3 रणगाडा एक, हाफ-ट्रॅक दोन, चिलखती गाड्या तीन. मेलेले तिरायर एका अहवालात 35, दुसऱ्यात 70.